खोक्यावरचं कुंकू

आज सकाळी आमच्याकडे पॅकिंग बघणाऱ्या सुमनकाकींनी परदेशी निघालेल्या खोक्यांच्या तोंडाशी हळदकुंकू लावलं, त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावली आणि अंगठ्याने नीट दाबली. मी बघतच राहिले.

आमची भाजणीची कंपनी अजून रांगतीच आहे. पहिला माल हॉलंडला गेला तेव्हा ही पट्टी नव्हती. बोटीच्या दमट हवेत कुंकू ओघळलं आणि खोकी लाल डागांनी माखून पोचली. आत काहीतरी फुटलंय असं समजून तिथल्या दुकानाच्या मालकीणबाई सगळा माल परत करू शकल्या असत्या. आम्ही तिथेच संपलो असतो. पण त्यांनी फोन केला. "हे लाल काय आहे?"

"घरातून निघताना लावतो आम्ही," मी चाचरत म्हटलं. "सुखरूप पोचावं म्हणून."

त्या म्हणाल्या, "मग लावत जा. फक्त ओघळू देऊ नका."

नवी कंपनी परदेशात कशाने रुजते, यावर मी पुष्कळ भाषणं ऐकली. परवाने, दर्जा, भांडवल, सगळं खरंच. पण डाग दिसल्यावर आधी विचारणारं एक माणूस पलीकडे असावं लागतं. आम्हाला ते न मागता मिळालं.

दुपारी बाईंनी गेल्या खेपेचा फोटो पाठवला. काकींनी तो निरखून पाहिला.

"अगं, हे खालून का फोडलंय?"

रिकामं खोकं आडवं पडलं होतं. वरची पट्टी आणि तिच्याखालचं कुंकू जसंच्या तसं होतं.