ठप्पा न पडलेला घटस्फोट

आमच्या काउंटीच्या कोर्टात लग्नाचा कागद मागायला आलेला माणूस दारातूनच ओरडायचा, आणि घटस्फोटाचा मागायला आलेला खिडकीपाशी येऊन कुजबुजायचा. मी तिथं बॉयलर सांभाळायचो, झाडलोटही माझ्याकडेच, त्यामुळं नुसता चेहरा बघून मला कळायचं की हा आता तळघरात जाणार. तळघरात जुन्या कागदांची खोली होती आणि तिच्या खिडकीमागं ऑर्फा स्टकी बसायची.

तिच्या एकेक गमती सांगायला बसलो तर जेवणं राहून जातील. एकदा एक डुकरं पाळणारा गडी आला. दांडगा, पण टोपी हातात चुरगाळत उभा.

"बाई, माझ्या घटस्फोटाची नक्कल हवी होती."

"कितव्या?" ऑर्फानं विचारलं.

"म्हणजे?"

"तीन आहेत इथं तुमचे. आणि तिन्ही वेळा दावा बायकोनंच लावलाय. आमच्याकडे कागद दावा लावणाराच्या नावानं ठेवतात. तुमच्या नावाखाली शोधत बसलात तर जन्म जाईल."

गडी बराच वेळ छताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "त्यातल्या त्यात जी बरी होती, तिचा द्या."

ऑर्फा समोरच्याच्या तोंडावर कधी हसायची नाही. तो जिना चढून दिसेनासा झाला आणि मग ही टेबलावर डोकं टेकून अशी हसली, की वर कर भरायला आलेले लोक खाली वाकून बघायला लागले.

काम मात्र देवळातल्यासारखं करायची. जज सही करणार, वकील तो कागद खिडकीत आणून देणार, आणि आतली बाई त्याच्यावर तारखेचा ठप्पा मारणार. ठप्प! आमच्याकडे लग्न मोडायचं ते ह्या आवाजानं. सही झाली पण ठप्पा नाही, तर नवराबायको अजून नवराबायकोच. मग त्या कागदाला तीन घड्या, पाठीवर नंबर, आणि पत्र्याच्या डब्यात मुक्काम.

आणि एक रीत होती. कुठं लिहिलेली नव्हती, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. आपल्या घरातल्या माणसाचा कागद आला की आपण त्याला हात लावायचा नाही. मुकाट्यानं उठायचं, बाहेरच्या बोळात बाकावर जाऊन बसायचं, आणि काम दुसरीनं करायचं. ऑर्फाच्या जोडीला नेडीन होती. तिचा भाऊ दर शनिवारी पिऊन धिंगाणा घालायचा आणि त्याच्या दंडाचा कागद सोमवारी यायचा, त्यामुळं नेडीनचे निम्मे सोमवार बाकावरच जायचे. मी म्हणायचो, "नेडीन, उशी आणून ठेव की इथं." ती म्हणायची, "ओटिस, तू झाडू मार."

त्या बाकावर एक दिवस ऑर्फा बसली. तिचा नवरा मर्ल रेल्वेत होता, मालगाडीवर, कायम रात्रपाळीला. ती सकाळी निघायची तेव्हा तो यायचा. जिन्यात गाठ पडायची. "कॉफी ठेवलीय," ती म्हणायची. "बरं," तो म्हणायचा. भांडण म्हणाल तर कधी नाही. बोलणं जिन्याएवढंच उरलं आणि पुढं पुढं तेही आटलं. दावा त्यानं लावला, तिनं आडकाठी केली नाही. ज्या दिवशी जज सही करणार होते त्या दिवशी ती आपण होऊन उठली आणि बाकावर जाऊन बसली, मांडीवर हात ठेवून, चर्चमध्ये बसतात तशी. संध्याकाळी कोट घालून घरी गेली. "झालं का?" असं तिनं नेडीनला विचारलं नाही, आणि तो डबा त्यानंतर कधी उघडला नाही. रीतच होती ना.

मर्लनं पुढं शेजारच्या काउंटीत ग्लेनिस नावाच्या बाईशी लग्न केलं. ऑर्फा एकटीच राहिली. कुणी विचारलंच तर म्हणायची, "दिवसभर इतकी लग्नं मोडलेली बघते, आता जोडायची हौस नाही राहिली." लोक हसायचे. तीही हसायची.

वर्षं गेली. ऑर्फाचे केस पिकले, माझे गेले. एका हिवाळ्यात मर्ल वारला. छातीचं दुखणं होतं, ग्लेनिसनं त्याचं पुष्कळ केलं. आणि वसंतात ती खिडकीशी येऊन उभी राहिली, तांबड्या कोटातली, थकलेली.

"रेल्वेचं पेन्शन अडलंय," ती कुजबुजली. "मर्लच्या पहिल्या घटस्फोटाची नक्कल मागतायत. मला ठाऊक आहे तुम्ही कोण ते. दुसऱ्या कुणाकडून मिळणार असेल तर..."

ऑर्फानं नेडीनला हाक मारली आणि स्वतः बाकावर जाऊन बसली. मी तिथंच फरशी पुसत होतो. बराच वेळ गेला. नेडीन बाहेर आली ती पांढरीफटक.

"ऑर्फा, दाव्याचा कागद आहे, जजच्या सहीचा हुकूम नाही. ठप्पाच पडलेला नाही गं."

"नीट बघितलंस?"

"आजूबाजूचे डबेही पालथे घातले."

ग्लेनिस दारात उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. "म्हणजे मी कोण?" ती म्हणाली. "इतकी वर्षं मी त्याची कोण होते?"



जज बिअरमनबाई वयानं ऑर्फाच्या मुलीसारख्या. त्यांनी सोमवारची तारीख दिली. त्या वेळी जे व्हायचं राहिलं ते त्याच वेळी झालं असं धरावं, असा हुकूम जजला देता येतो. पण सही झाली होती ह्याला पुरावा हवा, आणि समोरच्या पक्षाची हरकत नको. समोरचा पक्ष म्हणजे ऑर्फा. ती नुसतं "आहे" म्हणाली असती, तर पेन्शन तिचं, आणि मर्लच्या शेजारची कबरीची जागाही तिची.

दुसऱ्या दिवशी ती काळा पोशाख घालून कामावर आली.

"कुणाचं मयत गं?" मी विचारलं.

"नवऱ्याचं," ती म्हणाली. "सोमवारपर्यंत मी विधवा आहे, ओटिस. कायद्यानं."

मला वाटलं थट्टा करतेय. तोंडाकडे बघितलं, थट्टा नव्हती. घरी हिला, माझ्या बायकोला, सांगितलं. ही पदर खोचल्यासारखी बाह्या सारून कामाला लागली आणि चिकन-नूडल्सचं भलंमोठं भांडं ओव्हनमध्ये सारलं. आमच्याकडे माणूस गेलं की त्याच्या बायकोकडे गाव अशी भांडी घेऊन जातं. मर्ल गेला तेव्हा सगळी ग्लेनिसकडे गेली होती. आम्ही दोघं ऑर्फाच्या दारात उभे राहिलो.

"हे कशाला?" ऑर्फा म्हणाली.

"नेतात तसं आणलंय," ही म्हणाली.

ऑर्फानं ते गरम भांडं नुसत्या हातांनी धरलं आणि तिथंच उभ्या उभ्या रडायला लागली. इतक्या वर्षांत मी तिला रडताना बघितलं ते तेवढंच. हिनं भांडं काढून घेतलं आणि आत नेलं.

सोमवारी मर्लचे वकील ड्वेन रस्क आले. नव्वदीला टेकलेले, काठी टेकत. त्या वेळच्या जजनं सही केलेला कागद त्यांच्या कोटाच्या खिशात होता.

"रस्कसाहेब, हा तुम्ही जमा का नाही केलात?" जजबाईंनी विचारलं.

म्हातारा म्हणाला, "बाई, ती बाकावर बसली होती. खिडकीकडे जायचं तर तिच्या पुढ्यातून जावं लागत होतं, हातात हा कागद घेऊन. माझे पाय उचलले नाहीत. बाजूच्या दारानं निघून गेलो. म्हटलं, ती नसेल तेव्हा देऊ. पण जेव्हा येईन तेव्हा ती असायचीच हो. मग लाज वाटायला लागली, आणि मग विसरलो."

आता काय म्हणाल ह्याला? दुसऱ्या गावचा वकील असता तर तिला ओलांडून गेला असता आणि कुणाचं काही बिघडलं नसतं. आमचा वकील भिडेपायी अडला आणि दोन बायकांना अधांतरी ठेवून बसला.

"ऑर्फा," जजबाई हळूच म्हणाल्या, "तुमची काही हरकत?"

ग्लेनिसनं बाक घट्ट धरला होता. ऑर्फा उठली. तिला काय वाटलं असेल ते मी सांगू शकत नाही. सोडून गेलेल्या नवऱ्याची ती इतकी वर्षं कुणीच नव्हती, आणि तो मेल्यावर चार दिवस का होईना बायको झाली होती.

"नाही," ती म्हणाली. "हरकत नाही."

नेडीन ठप्पा वर घेऊनच आली होती, तिथंच मारला. नक्कल ग्लेनिसच्या हातात दिली. ती निघाली तशी ऑर्फा जिन्यापर्यंत तिच्या मागं गेली.

"एक विचारू का? त्याचा तो झोपेतला खोकला... थांबला होता का?"

"कसला थांबतोय," ग्लेनिस म्हणाली. "आडवं पडता यायचं नाही त्याला."

"डोक्याखाली दोन उशा द्यायच्या."

"ठाऊक आहे," ग्लेनिस म्हणाली. "शेवटी शेवटी तीन लागायच्या."

ऑर्फानं मान हलवली. "तीन," ती म्हणाली, आणि कठड्याला धरून एकेक पायरी खाली उतरली.