चाळीस वेळा पुसलेला धूमकेतू

“भाऊ, चाळीसही फोटोतले डाग काढले. आता कसं चकाचक दिसून राह्यलं!” मंदाताईंनी खुर्ची मागे सरकवली.

मी स्क्रीनकडे पाहिलं. आभाळ खरंच चकाचक होतं. धूमकेतूच साफ झाला होता.

आर्णीत माझा फोटो स्टुडिओ आहे. मंदाताई तिथे वीस वर्षांपासून रिटचिंग करतात. म्हणजे नवरीची पुटकुळी, नवरदेवाचा घाम, सगळं कॉम्प्युटरवर पुसतात. कॅमेऱ्याचं कार्ड त्यांच्या हाती देऊन काहीही न सांगता मी झोपायला गेलो, ही चूक माझी.

काम शाळेतल्या राऊत मॅडमचं होतं. ट्रॅकरही त्यांचाच. हे यंत्र आभाळाच्या वेगानं कॅमेरा हळूहळू फिरवतं, त्यामुळे तारे प्रत्येक फोटोत एकाच जागी राहतात. पहाटे तुरीच्या वावरात उभं राहून मी दोन तास आभाळाच्या एकाच तुकड्याचे फोटो काढले. दुपारी शाळेत धूमकेतू दाखवणार, असं मॅडमनी जाहीर करून टाकलं होतं.

मूळ फोटो कार्डात शाबूत होते. मी ते ऐटीत उघडले, तेवढ्यात मॅडम आल्या.

“यातला कोणता हो?”

पांढुरके ठिपके तीन होते. एक तारकागुच्छ, म्हणजे ताऱ्यांचा घोळका. एक तेजोमेघ, म्हणजे वायूचा ढग. आणि एक आपला पाहुणा. तिन्ही फुटलेल्या बोंडातल्या कापसासारखे. शेपटी एकालाही नाही. लग्नात नवरी ओळखायला मी कधी चुकलो नाही, पण इथे शालू कुणीच नेसलेला नव्हता.

“हा,” मी सर्वांत गुबगुबीत ठिपक्यावर बोट ठेवलं.

“नक्की ना? चुकीचा दाखवला तर पोरं जन्मभर तोच धूमकेतू समजतील.”

“त्यानं काही तरास नाही देल्ला, भाऊ,” मंदाताई मागून म्हणाल्या. “हे दोघं जागचे हालत नाहीत. एका फोटोत पुसले, बाकीच्यातून एका झटक्यात काढले. पण हा तिसरा लय बदमाश! दर फोटोत जराजरा सरकून राह्यलता. त्याले चाळीस खेपा हातानं पुसला मी.”

मॅडम उडाल्याच. “अहो ताई, धूमकेतू असाच तर शोधतात!”

“मंग मले आधी काहून नाही सांगतलं?”

दुपारी पहिला आणि चाळिसावा फोटो पाठोपाठ दाखवला. ठिपका टुणकन सरकला आणि पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला. मंदाताई पहिल्या रांगेत होत्या.

काम देताना काय पुसायचं नाही तेही सांगावं, एवढं मी शिकलो. मंदाताई जास्त शिकल्या. आता नवरीच्या गालावरचा तीळ पुसण्याआधी त्या दोन फोटो ताडून बघतात. सरकलेला दिसला तर मला हाक मारतात.