खंडेनवमीला दिसलेलं शिखर

मंडळी, आधीच कबूल करतो, माझ्या सांगण्यात मीठमसाला असतो. आमच्या मेसच्या इडलीने खिडकीची काच फुटली, असं मी वर्षभर लोकांना पटवलं होतं. पण भुतंखेतं, मुहूर्त, सोवळं-ओवळं यांवर विश्वास शून्य. फिजिक्सवाला माणूस! तेव्हा पुढच्यातला मसाला हवा तेवढा निवडून काढा… खाली जे उरेल, त्याच्यापुढे मी आजही हात टेकलेत.

२००६च्या आसपासची गोष्ट. मी साताऱ्याचा, चेन्नईत पीएचडी करत होतो. तांबरमहून लोकलने लॅबला यायचो. विषय : कधी न जमणारे चुंबक. म्हणजे कसं, आमच्या काळ्या स्फटिकात अणू त्रिकोणात बसलेले. प्रत्येक अणू ही होकायंत्राची सुई समजा. तिची एकच अट : शेजारणीच्या उलट तोंड करणार. दोघींचं जमतं. तिसरीने कुणीकडे बघायचं? म्हणून सगळ्या तळमळत राहतात. भयंकर गार केलं तर कधीकधी काहीतरी गुंतागुंतीची तडजोड करून एका रचनेत बसतात, आणि आलेखावर टोकदार शिखर उमटतं.

त्या शिखरावर माझी डिग्री अडकली होती. चार वर्षं आलेख सपाट! सर म्हणाले होते, "डिसेंबरपर्यंत शिखर दाखव, नाहीतर विषय बदल."

आमचे टेक्निशियन गोविंदराव. तंजावरकडचे जुने मराठी, पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच. बोलणं तमिळच्या चालीवर. खंडेनवमीला, म्हणजे तिथल्या आयुधपूजेला, त्यांनी लॅबमधल्या पंपापासून पान्यापर्यंत सगळ्यांना चंदन-कुंकू लावलं. माझ्या यंत्रावर तर झेंडूचा हार.

"पोरा, आतां उद्यांपर्यंत कशास हात लावूं नको पा. त्यांची सुट्टी."

मी मान डोलावली. ते जेवायला घरी गेले. इकडे स्फटिक गार करायचं द्रवरूप हेलियम आदल्याच दिवशी आलेलं, तासातासाला उडून चाललेलं. आणि आमच्याकडे कसं? दसऱ्याला स्कूटरला हार घातला की बाबा त्याच स्कूटरवर सोनं वाटायला निघतात! पूजा झाली, कामाला लागा. मी भर दुपारी यंत्र चालू केलं.

शून्याखाली दोनशे बासष्ट अंशांवर आलेख उसळला. शिखर! इतकं टोकदार की बोट कापलं असतं. गरम करून पुन्हा गार केलं, पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदाही तिथेच. मी एकटाच एवढा नाचलो की खालच्या मजल्यावरचे केमिस्ट्रीवाले वर आले (बरं, एकच आला).

गोविंदराव सुंडलचा, म्हणजे तिकडच्या नवरात्रातल्या हरभऱ्यांच्या उसळीचा, डबा घेऊन परतले. माझी प्रिंट बघितली, यंत्रावरचा हार सरळ केला.

"काय केलंस अप्पा… वर्षभर भांडणारे तिघे आज सुट्टी म्हणून गप्प बसले होते. तूं दार उघडून पाहिलंस."

"राव, तुम्हीपण ना! फिजिक्स आहे ते."

"असूं दे," म्हणाले, आणि मूठभर हरभरे माझ्या हातावर ठेवले.

दुसऱ्या दिवशी सरांसमोर यंत्र लावलं. सपाट. तोच स्फटिक, तेच हेलियम. थर्मामीटर तपासला. हवा आत शिरली असेल म्हणावं, तर तिचं खोटं शिखर भलत्याच तापमानाला दिसतं. सरांनी मुद्दाम कुंकू लावूनही मोजायला लावलं! सतरा वेळा सपाट. ही सतरा मात्र खरी, वहीत आहेत. त्या एका प्रिंटपायी सरांनी डिसेंबरची मुदत वर्षभर वाढवली. पुढच्या खंडेनवमीला गोविंदरावांच्या पाया पडून, त्यांच्याच हातून यंत्र चालू करवलं.

"बोलावून येत नाहींत रे ते," एवढंच म्हणाले. अठराव्यांदा सपाट.

शेवटी सर म्हणाले, "अठरा वेळा नाही, म्हणजे 'नाही' हाच निष्कर्ष. तसं लिही, सुटशील. पण तो एक आलेख प्रबंधात नको. परीक्षक फाडून खातील."

मी तसंच लिहिलं. दुसरं काय करणार होतो? तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "ह्या स्फटिकात रचना तयार झाल्याची एखादी तरी खूण तुम्हाला कधी दिसली?"

कॉफीचा ट्रे घेऊन गोविंदराव दारातच उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"नाही, सर," मी म्हणालो.

टाळ्या पडल्या, मी डॉक्टर झालो. गोविंदरावांनी सगळ्यांना कॉफी दिली, मलाही दिली.

ती प्रिंट माझ्याकडे आहे, कोपऱ्यावर कुंकवाचं बोट उमटलेली. थापा मी आयुष्यभर मारल्या, लोकांनी आवडीने ऐकल्या. ही एकच गोष्ट डोळ्यांनी पाहिलेली… आणि ती झालीच नाही, असं माझ्याच सहीने लिहून दिलंय.