पानं बाजूला करून काढलेला फोटो

तिला सगळे एक्स-रेताई म्हणायचे. दवाखान्यात म्हणायचेच, पण इमारतीतले शेजारीही तेच म्हणायचे. एकदा तर फोनवर तिच्या सासूबाईंच्या तोंडूनसुद्धा निघून गेलं, "एक्स-रेताई घरी नाही आत्ता." तिला त्याचं काही वाटत नसे. दवाखान्याच्या तळघरात, बिनखिडकीच्या खोलीत, तिचा दिवस जायचा. श्वास घ्या, रोखून धरा, हलू नका, सोडा. लोकांच्या छात्या, मणके, मनगटं पडद्यावर उमटायची, ती वरच्या मजल्यावर पाठवायची आणि पुढच्याला आत बोलवायची. घरी कधी भांडण झालं की नवरा दाराआडून म्हणायचा, "झालं असेल तर श्वास सोडा आता." मग तिला हसू यायचं आणि भांडण तिथंच मोडायचं.

फोटोचं वेड तिला उशिरा लागलं. भावानं नवा कॅमेरा घेतला तेव्हा जुना तिला देऊन टाकला होता. तो कपाटात चादरींच्या खाली पडून होता. एका दुपारी ड्यूटी संपवून ती तळघरातून वर आली आणि उन्हानं तिचे डोळे दिपले. समोरच्या इमारतीवर एक रंगारी शिडीवर उभा होता. त्याची आणि शिडीची सावली भिंतीवर पडली होती, आणि ती सावली इतकी बारीक, इतकी लांबट होती की तिला वाटलं, हा तर एक्स-रेच आहे, फक्त उघड्यावर काढलेला. हे कुणाला तरी दाखवावं असं तिला फार वाटलं. पण दाखवायला बरोबर कुणी नव्हतं आणि रंगारी तोवर खाली उतरला. दुसऱ्या दिवशी तिनं कॅमेरा पर्समध्ये घातला.

त्यानंतर तिचा घरी यायचा रस्ता लांबत गेला. न्हाव्याच्या खुर्चीत मान खाली घालून बसलेली माणसं, इस्त्रीवाल्याच्या दुकानातून निघणारी वाफ, उभ्या बसखालच्या डबक्यात अंघोळ करणारी चिमणी, गटाराच्या पाइपातून बाहेर डोकावणारं रोपटं. जे रोज पायाखालून जात होतं तेच आता तिला थांबवायला लागलं. पानं गळालेल्या झाडात तिला बरगड्या दिसायच्या, हातगाडीच्या चाकात सांधे दिसायचे. दिवसभर माणसांच्या आत बघून आलेली ही बाई संध्याकाळी बाहेरचं बघताना दमायचीच नाही. नवरा म्हणायचा, "भाजीचा फोटो आणलास ते ठीक आहे, भाजी कुठंय?"

दवाखान्यात सगळ्यांना हे ठाऊक झालं. वरच्या मजल्यावर बाहेरच्या पेशंटसाठी नवं दालन बांधत होते. मोठे डॉक्टर एकदा तळघरात आले असताना त्यांनी तिचे फोटो कॉम्प्युटरवर पाहिले आणि म्हणाले की दालनाच्या मुख्य भिंतीवर आपल्याच कुणाचा तरी फोटो लावू. माणसांचा नको, आजारी माणसाला आणखी माणसं कशाला दाखवायची. काहीतरी जिवंत द्या, हसरं द्या. ती त्या दिवशी जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढली. इतकी वर्षं तिनं काढलेल्या प्रत्येक चित्राखाली कुणाचा तरी आजार लिहिला गेला होता. पहिल्यांदाच तिचं चित्र वर, उजेडात लागणार होतं, आणि लोक ते नुसतंच बघणार होते.

इमारतीच्या तळमजल्यावर एक निवृत्त बसड्रायव्हर राहायचे. सगळे त्यांना ड्रायव्हरकाका म्हणायचे. एकटेच होते. क्लच दाबून दाबून गुडघे गेले म्हणून फारसे बाहेर पडत नसत, ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत. त्यांच्याकडे एक पिवळट बोका होता. त्याचं नाव त्यांनी कंडक्टर ठेवलं होतं, कारण तो इमारतीतल्या प्रत्येक दारापाशी जाऊन काही ना काही वसूल करून यायचा. काकांच्या ओट्यासमोरच्या कुंपणात बुलबुलाच्या जोडीनं घरटं बांधलं होतं. ते काकांनीच एक्स-रेताईला दाखवलं, ओठांवर बोट ठेवून, जणू काही सरकारी गुपित दाखवताहेत असं. अंडी दिसल्यापासून ते कंडक्टरला संध्याकाळपासून उजाडेपर्यंत घरात कोंडून ठेवत होते. रात्रभर तो दार खरवडायचा. काका आतून त्याला समजावायचे की थोडे दिवस कळ काढ.

पिल्लं बाहेर आली तेव्हा ताई रोज कॅमेरा घेऊन ओट्यावर बसू लागली. काका चहा द्यायचे आणि तिच्या मागं बसून, दम धरून, तिच्याइतकेच बघत राहायचे. पण फोटो काही जमेना. प्रत्येक वेळी एखादं पान मध्ये यायचं, घरटं सावलीत काळं पडायचं, चोच दिसली तर डोळा दिसायचा नाही. फोटो द्यायचा दिवस उद्यावर आला.

त्या दुपारी काका जेवून आडवे झाले होते. ताई कुंपणाजवळ गेली. पर्समध्ये पट्ट्या कापायची छोटी कात्री होती आणि दवाखान्यातल्या बँडेजचा तुकडाही होता. तिनं आधी एक पान कापलं. मग आणखी काही. पुढची फांदी वाकवून तिनं बँडेजनं मागच्या काठीला बांधली. घरट्यावर एकदम ऊन पडलं, जसं कुणी खोलीचं दार उघडावं. ती ओट्यावर येऊन बसली. आई किडा घेऊन आली, अडखळली, तारेवर जाऊन बसली, पुन्हा आली. तीन लालभडक चोची एकदम वर उघडल्या. तिनं बटण दाबलं आणि तिला तिथंच कळलं की हाच तो फोटो.

ती वर पळाली. नवऱ्याला दाखवला, भावाला पाठवला, मग कॉम्प्युटरवर बसून उजेड थोडा कमी कर, कडा थोडी काप असं करत बसली. फांदी सोडायची राहिली. कुणी आजारी पडलं नव्हतं, दवाखान्यातून बोलावणं आलं नव्हतं, तिला कुणी अडवलं नव्हतं. ती आपल्याच फोटोकडे बघण्यात विसरली, एवढंच.

सकाळी चहाला आधण ठेवताना तिला आठवलं. गॅस तसाच सोडून ती खाली धावली. बांधलेल्या फांदीवर कावळा बसला होता. तिला बघून तो उडाला, आणि त्याच्या चोचीत काहीतरी होतं. घरटं जागच्या जागी होतं, नीट, गोल, रिकामं. वर तारेवर बुलबुल एकसारखा ओरडत होता.

त्याच वेळी काकांच्या दाराची कडी वाजली. पुढं तिनं जे केलं ते ठरवून केलं नाही, पण केलं तिनंच. तिनं बँडेजची गाठ सोडली आणि पट्टी मुठीत दडवली. फांदी झपकन पूर्वीच्या जागी आली आणि पानांनी सगळं झाकून टाकलं.

काका बाहेर आले तेव्हा कंडक्टर कुंपणाखाली बसून वर टक लावून पाहत होता. काकांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग लंगडत जाऊन घरट्यात पाहिलं. रात्री त्यांचा डोळा लवकर लागला होता आणि बोक्याला आत घ्यायचं राहून गेलं होतं. त्यांनी पायातली चप्पल काढली आणि बोक्याला मारली. ती त्याच्या पाठीत बसली. बोका पळाला नाही. एवढी वर्षं ज्या माणसानं त्याच्यावर हात उगारला नव्हता त्याच्याकडे तो बघत राहिला, आणि मग हळूहळू ओट्याखाली गेला.

ताईच्या जिभेवर आलं होतं की काका, इतक्या बारीक फांदीवर बोका चढेल कसा. पण ते म्हटलं की पुढचा प्रश्न आलाच असता, मग कोण. तिनं मूठ आणखी आवळली आणि म्हणाली, "जाऊ द्या काका."

थोड्या दिवसांनी कळलं की काकांनी बोका पुतण्याच्या गोदामात पाठवला. शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिथं उंदीर फार आहेत, त्याचं भागेल, असं काका लोकांना सांगत. ओटा रिकामा दिसायला लागला.

फोटो भिंतीवर लागला. पुरुषभर उंचीचा, तीन उघड्या चोची आणि त्यांच्यावर सोन्यासारखं ऊन. लोक थांबून बघायचे. नर्सबाई म्हणायच्या की रडणारी पोरं त्याच्यासमोर नेली की गप्प होतात. मोठ्या डॉक्टरांनी पाहुण्यांशी ताईची ओळख करून दिली तेव्हा तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. लोकांना वाटलं, लाजली. त्यानंतर ती मागच्या जिन्यानं ये-जा करू लागली. कॅमेरा पुन्हा चादरींखाली गेला. नवऱ्यानं खोदून विचारलं तेव्हा तिनं त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला की पक्षी काय, पुन्हा घरटं करतील. मग त्यानं विचारलं, काकांना सांगितलंस का. तिनं ताटातला भात बोटानं सारखा केला आणि उठून गेली.

पुढं काकांचा गुडघा सुजला आणि डॉक्टरांनी एक्स-रे लिहून दिला. ते वरच्या दालनात बसले, नंबर आल्यावर तळघरात आले आणि टेबलावर पाय लांब करून आडवे झाले. ताईनं गुडघ्याखाली प्लेट सरकवली. 

"वरचा फोटो आपल्या कुंपणातलाच ना?" काकांनी विचारलं.

ती हो म्हणाली.

"बरं केलंस तू काढलास ते," काका छताकडे बघत म्हणाले. "मी मघाशी कितीतरी वेळ त्याच्यासमोर बसलो होतो. नाहीतर मला तेवढंच आठवत राहिलं असतं, त्या कंडक्टरनं केलेलं."

ती काचेमागं गेली. हलू नका म्हणाली, बटण दाबलं. गुडघा पडद्यावर आला, झिजलेला, कडेला टोकं आलेला. तिनं तो पाठवून दिला. बाहेर पुढचा पेशंट होता, त्याला तिनं थांबायला सांगितलं आणि दार लावलं. काका टेबलाच्या कडेवर बसून बूट चढवत होते.

"काका, कंडक्टरनं नाही केलं. कावळ्यानं नेली पिल्लं. मी पाहिलं."

काकांचा हात बुटाच्या नाडीवर थांबला. मग तिनं उरलेलं सांगितलं. पानं, कात्री, बांधलेली फांदी, विसरणं. पट्टीबद्दलही सांगितलं, कारण एवढं सांगून ते ठेवून देणं आता जमण्यासारखं नव्हतं. काकांनी शेवटी फक्त विचारलं, "पट्टी सोडलीस ती मी बाहेर यायच्या आधी?"

"कडी वाजली तेव्हा."

"म्हणजे मी चप्पल काढली तेव्हा तुझ्या मुठीत होती."

तिनं मान हलवली.

"पानं कापलीस ते एक वेळ मी समजू शकतो," काका म्हणाले. "मलाही बघायचं होतंच की. पण मी त्याला मारलं तेव्हा तू शेजारी उभी होतीस." त्यांनी नाडी तशीच सोडली, काठी घेतली आणि निघून गेले.

त्याच दुपारी ती मोठ्या डॉक्टरांकडे गेली आणि फोटो उतरवायला सांगितला. कारणही सांगितलं. डॉक्टर म्हणाले की एवढ्यासाठी कशाला, लोकांना कुठं माहीत आहे. लोकांना माहीत नाही म्हणूनच तिला पुढच्या जिन्यानं जाता येत नव्हतं, हे तिला त्यांना नीट सांगता आलं नाही. तिनं फक्त फोटो माझा आहे, मला परत हवा, एवढंच धरून ठेवलं. दोन शिपायांनी तो खाली काढला. नर्सबाईंना वाईट वाटलं. घरी तिनं तो भिंतीकडे तोंड करून ठेवला.

रविवारी ती पुतण्याच्या गोदामावर गेली. पुतण्या म्हणाला, बोका आठवडाभरसुद्धा टिकला नाही, पोत्यांवरून निघून गेला. ती त्या भागात हिंडू लागली. सुटीच्या दिवशी, लवकर सुटली तर संध्याकाळीही. ज्या नजरेनं ती पूर्वी सावल्या शोधायची त्याच नजरेनं आता ओटे, कट्टे, दुकानांच्या फळ्यांखालच्या जागा बघायची. लोकांना विचारायची तेव्हा ते विचारत, तुमचा बोका आहे का. दर वेळी तिला म्हणावं लागे, नाही, माझ्यामुळं हरवला.

तो सापडला एका शिंपीणबाईच्या दुकानात, कापडाच्या चिंध्यांवर झोपलेला, चांगला गलेलठ्ठ. बाईंनी सांगितलं की एक दिवस आपणहून आला, तेव्हापासून दुकान त्याच्याच मालकीचं आहे.

ताईनं हे काकांना ओट्यासमोर उभं राहून सांगितलं. तोवर ते तिच्याशी बोलत नव्हते. ती जिन्यानं चढायला लागली की ते वर्तमानपत्र उंच धरायचे. आता त्यांनी ते खाली ठेवलं, आत जाऊन शर्ट बदलला आणि काठी घेऊन आले. दोघं बसनं गेले. वाटेत काका खिडकीतून बाहेर बघत राहिले.

दुकानात कंडक्टरनं डोळे उघडले, काकांना हुंगलं, त्यांच्या पायाला एकदा अंग घासलं आणि परत जाऊन चिंध्यांवर बसला. काका वाकून त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिले, चप्पल लागली होती त्या जागी. शिंपीणबाई कसनुशा झाल्या, म्हणाल्या, तुमचा असेल तर घेऊन जा. काका मग म्हणाले की राहू दे, इथं रमलाय, आणि माझ्याकडे आला तरी माझ्या हाताकडे आधी बघेल. बाईंना ते कळलं नाही. ताईला कळलं, आणि ती दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली.

परतीच्या थांब्यावर गर्दी होती. बस आली तेव्हा पायरी उंच होती आणि काकांचा गुडघा वळेना. त्यांनी मागं न बघता हात पुढं केला. तिनं तो धरला आणि त्यांना वर चढवलं. आत बसल्यावर त्यांनी हात सोडवून घेतला.

ताई पुढं पुन्हा फोटो काढू लागली. बऱ्याच दिवसांनी, आणि आधीसारखं रोज नाही. आता ती जिथं असते तिथूनच काढते. पान मध्ये आलं तर पानासकट, नाहीतर नाहीच. काका कधीमधी ओट्यावरून हाक मारून म्हणतात, दाखव आज काय मिळालं. ती कॅमेरा त्यांच्या हातात देते. ते एकेक फोटो सावकाश बघतात, आणि ते बघत असताना ती अजूनही त्यांच्या तोंडाकडे बघू शकत नाही.