वास नसलेले झाड

गेल्या महिन्यातल्या एका रविवारपर्यंत ही गोष्ट माझ्या पत्नीलाही ठाऊक नव्हती. खरे सांगायचे तर मी ती स्वतःशीसुद्धा पूर्ण वाक्यात कधी उच्चारली नव्हती. अर्ध्यावर आली की मी घाईने दुसऱ्या कशाचा तरी विचार करू लागे. आज ती पूर्ण वाक्यांत मांडतो आहे.

हैदराबादेतल्या एका वनस्पती उद्यानात मी कित्येक वर्षे रविवारी सकाळी लोकांना झाडे दाखवीत फिरतो. नोकरी बँकेतली, झाडांचे ज्ञान हौसेचे. तरीही लोक मला ‘गुरुजी’ म्हणू लागले, आणि ते मला आवडू लागले. किती आवडू लागले, हे पुढे दिसेलच.

हे नाव दिले वसंतरावांनी. हिमायतनगरचे, पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेले मराठी गृहस्थ. बोलण्यात निम्मी दखनी. दर रविवारी ते पत्नीला, शैलावहिनींना, घेऊन येत, आणि येताना कोपऱ्यावरच्या फूलवाल्याकडून तिच्यासाठी मोगऱ्याचा गजरा घेत. फाटकाशी गाडी लावली की स्वतःच्या हाताने तो तिच्या केसांत माळत. कुणी हसले तर म्हणत, “हौ, हसा. गजऱ्याबिगर आली तर इथली झाडं आमच्या बायकोला ओळखत नाहीत!” वहिनी लटक्या रागाने म्हणत, “पुरे हो, चारचौघांत!” आणि मान मात्र हलू देत नसत.

हे इतके सविस्तर का सांगतो आहे? कारण मी जे हिरावून घेतले ते हेच.

आमच्या फेरीचा शेवट बेहड्याच्या एका जुन्या झाडापाशी होई. तो आतून जवळजवळ पोकळ होता. मी हातातल्या काठीने खोडावर दोन टोले देई, ढोलासारखा आवाज घुमे, लोक चकित होत, टाळ्या पडत. माझ्या फेरीचे ते वैशिष्ट्यच ठरले होते.

काही वर्षांपूर्वीच्या त्या रविवारी मी लवकर पोहोचलो होतो. बेहड्याच्या फांदीला सुपाएवढे काळे आग्यामोहोळ लागलेले मी पाहिले. मी पाहिले—हे वाक्य मला इतकी वर्षे लिहिता आले नाही. तेव्हाच फेरीचा मार्ग बदलायला हवा होता. पण त्या दिवशी गर्दी नेहमीपेक्षा मोठी होती, कुकटपल्लीहून तरुण मुलामुलींचा एक घोळका आला होता, त्यांचे फोन सारखे माझ्याकडे रोखलेले होते. मी मनाशी म्हटले, लांबून दाखवू, टोला द्यायचा नाही.

आणि टोला दिला. कुणी आग्रह केला नव्हता. सगळे शांत झाले होते, माझ्याकडे पाहत होते—तेवढे पुरले. एक दिला. काही झाले नाही. म्हणून दुसरा दिला, अधिक जोराने.

वर काहीतरी फाटल्यासारखा आवाज झाला, आणि लोक किंचाळत पळू लागले. मीही पळालो. सर्वांत आधी पळालो. एवढेच असते तर माझ्या भित्रेपणाची ही कहाणी इथे संपली असती. पण पळता पळता मी मागे वळलो आणि ओरडलो, “वहिनी, गजरा! गजऱ्यामुळे आल्या!”

हे शब्द कुठून आले? विचार करायला वेळ नव्हता, हे खरे. पण मग विचाराच्याही आधी जो माझ्यात उभा होता आणि ज्याने दुसऱ्याकडे बोट दाखवले, तो कोण होता? त्याला पाहून मी आजही हादरतो.

ती दोघेही पळत होती. माझे शब्द ऐकून वसंतराव थांबले. पत्नीला धरून उभे राहिले आणि तिच्या केसांत गुंतलेला गजरा दोन्ही हातांनी ओढून काढू लागले. तो लवकर सुटेना. माश्या त्यांच्या डोक्यावर, मानेवर, हातांवर बसल्या. ते थांबले नसते तर इतरांसारखे दोन-चार डंखांवर सुटले असते.

रुग्णालयात मी शहाळी घेऊन गेलो. त्यांचा चेहरा ओळखू येत नव्हता. तरी म्हणाले, “काय गुरुजी, आपल्या मोगऱ्यानं दगा दिला की हो!” वहिनी कोपऱ्यात खाली मान घालून बसल्या होत्या. मी बोलायला हवे होते. मी मान डोलावली.

पुढच्या फेरीच्या निरोपात मी एक सूचना घातली—गजरा माळून किंवा अत्तर लावून येऊ नये. सूचना चुकीची नाही. उग्र सुगंधाने माश्या बिथरू शकतात, असे जाणकारही सांगतात. याच अर्धसत्याच्या आडोशाला मी राहिलो. आज नवे स्वयंसेवक ती सूचना फाटकाशी उभे राहून भक्तिभावाने वाचतात. वसंतराव आणि वहिनी मात्र पुन्हा कधी आले नाहीत. मला—हेही लिहिले पाहिजे—हायसे वाटले.

गेल्या महिन्यात उद्यानात वृक्षारोपणाचा कार्यक्रम होता. ज्यांचे माणूस गेले आहे त्यांनी त्याच्या नावाने एक रोप लावायचे. रोपे देण्याचे काम माझ्याकडे होते. रांगेत मुलीचा हात धरून शैलावहिनी उभ्या होत्या. वसंतराव दोन वर्षांपूर्वी हृदयविकाराने गेल्याचे मला तिथेच कळले. मुलीने बकुळीचे रोप उचलले. वहिनींनी तिचा हात मागे ओढला.

“भाऊजी, वास नसलेलं झाड द्या.”

“आई, बाबांना बकूळ किती आवडायची,” मुलगी म्हणाली.

“आवडायची. त्यानंतर तुझ्या बाबांनी घरात फूल आणलं का कधी? फूलवाल्यासमोरून जाताना रस्त्याच्या पलीकडून जायचे. मला म्हणायचे, तुझा काय दोष, आणलं तर मीच होतं. आणि मी म्हणायची, माळलं तर मी होतं. जाईपर्यंत आमचं हेच चाललं.” मग माझ्याकडे वळून, अगदी साधेपणाने, “तुम्ही वेळेवर ओरडलात म्हणून वाचले तरी ते.”

माझ्या हातातले रोप खाली पडले, कुंडी फुटली. लोक वळून पाहू लागले. इतकी वर्षे मला वाटत होते की मी एक खोटे बोललो आणि ते विरून गेले. ते विरले नव्हते. ते त्या दोघांच्या घरात, त्यांच्या मध्ये राहत होते, आणि ती दोघे त्याचा दोष एकमेकांपासून काढून आपापल्या माथी घेत होती. मला तर ती आपला त्राता मानत होती!

शेजारी सूचनांसाठी ठेवलेला ध्वनिक्षेपक होता. ज्या सर्वांनी वर्षानुवर्षे ती सूचना ऐकली होती त्यांनी हेही ऐकायला हवे होते. मी तो हातात घेतला. माझा आवाज मुळात बारीक. त्या दिवशी तो मलाच परका वाटला.

“वहिनी, गजऱ्यानं काहीही झालं नव्हतं. मोहोळ मी सकाळीच पाहिलं होतं. तरी टाळ्यांसाठी खोडावर काठी मी मारली. दोष माझ्यावर येऊ नये म्हणून गजऱ्याचं नाव मी घेतलं. वसंतराव थांबले ते माझ्या त्या ओरडण्यामुळे. त्यांनी फूल आणण्यात चूक नव्हती, तुम्ही माळण्यात नव्हती. मी तुम्हा दोघांचा अपराधी आहे.”