पेटत्या मेणबत्तीत तेल

आज सकाळी तलासरीच्या आमच्या चर्चमध्ये मी धाकट्या जावेला, सुकरीला, लाथ घातली. आधी ऐका, मग शिव्या द्या.

मेणाच्या जागी आता तेल भरायच्या प्लास्टिकच्या मेणबत्त्या आल्यात. हिने जळतीतच तेल ओतलं. म्हणे, "देवाचा दिवा विझवू नये गं!" भडका उडाला, पदर पेटला, बाई किंचाळत पळत सुटली. मी लाथ घालून पाडली, लुगडं ओरबाडून काढलं, दारातल्या पाय पुसायच्या ओल्या गोणपाटाने बडवून विझवली. या वयात.

तिचा हात भाजलाय, पण जगली. दवाखान्यात खाटेवरून ओरडते, "मेले, फादरसमोर उघडी केलीस मला!"

तुमच्याकडे कोण असं जळत्यात तेल ओततं? त्यांना सांगा, आधी विझवा. देव रागावला तर माझं नाव सांगा.