काकूच्या नावाचा ओटा

शाळेच्या फाटकापाशी लिंबाचं झाड आहे. त्याच्याभोवती ओटा बांधलेला आहे, वर गुळगुळीत फरशी, समोर पांढरी पाटी. पाटीवर माझ्या बायकोचं नाव आहे. ओटा गावाने बांधला. बाहेरगावचे पाहुणे येतात, पाटी वाचतात, म्हणतात, मोठं काम झालं. मी हो म्हणतो. ती असती तर त्या ओट्यावर बूड टेकवलं नसतं तिनं.

मला लिहायची सवय नाही. चौथी झालो अन् बैलामागे गेलो. म्हणून जे झालं ते तसंच सांगतो.

आमचं गाव मोताळ्याच्या अलीकडे. घर शाळेच्या पाठीला लागून, मधे नुसता बोळ. आमचा संडास परसात आहे, मागच्या दाराने आत आलं की डाव्या हाताला. शाळेलाही संडास होता, नव्हता असं नाही. योजनेतून बांधला होता. त्यात पाणी कधी आलं नाही, दार एका वादळात गेलं, मग कोणी तरी त्यात मोडके बाक कोंबले. पोरांचं काही अडलं नाही, पोरं कुठंही उभी राहतात. पोरी मात्र सकाळपासून पाणीच पीत नव्हत्या. बाटली भरून आणायच्या अन् तशीच भरलेली घरी न्यायच्या. हे आम्हा गड्यांना कधी दिसलं नाही. बायकोला दिसलं, कारण एक दिवस सहावीतली एक पोर बोळात भिंतीला धरून उभी राहिलेली तिनं पाहिली.

"काय झालं वं?"

 हिनं तिचा हात धरला अन् सरळ आत आणलं. दुसऱ्या दिवशी तीच पोर दोघीतिघींना घेऊन आली. तेव्हापासून मागच्या दाराची कडी दिवसा कधी लागली नाही. मधल्या सुट्टीच्या आधी बायको बादली भरून ठेवायची अन् पायरीवर लसूण सोलत बसायची. मी एकदा म्हटलं, "घर हाय का धर्मशाळा?" तर म्हणे, "तुमी तिकडे वावरात जाऊन बसा."

आमची नात तेव्हा आमच्याजवळ राहून शिकत होती, त्या नात्याने गुरुजींनी हिला पालक समितीत घेतलं. पुढे नात बापाजवळ पुण्याला गेली, ही समितीतच राहिली. कोणी काढलं नाही अन् ती निघाली नाही. ती एकच धरून बसली होती, पोरींना शाळेतच दाराचा, पाण्याचा संडास पाहिजे.

आमच्या गावात शाळेला द्यायला कोणी नाही म्हणत नाही. पण द्यायचं ते नाव टाकून. बाप वारला, पंखा दे. आजी वारली, पंखा दे. पात्यावर लाल रंगात नाव अन् खाली स्मरणार्थ. इतके पंखे झाले की छताला हुक उरले नाहीत, राहिलेले गुरुजींच्या कपाटावर पडून आहेत. लाइट गेली की गावातले सगळे मेलेले एकदम थांबतात. मीही माझ्या बापाचा दिला आहे. तो चौथीच्या वर्गात कुरकुरत असतो.

हिनं सभेत संडासाचं काढलं तेव्हा सगळे गडी जमिनीकडे पाहायला लागले. एक जण म्हणाला, "काकू, देतो म्हटलं तर देतो. पण बापाचं नाव संडासावर कसं टाकू? जिता होता तवा त्याले संडास आवडत नव्हता, डबा घेऊन वावरात जाये."

सगळे हसले. हीसुद्धा हसली. मग म्हणाली, "नको टाकू नाव. सोयाबीन निघालं की एक टोपलं दे."

आमच्याकडे खळ्यावर आलेल्याला रिकाम्या हाताने परत लावत नाहीत. आता खळं नाही, मळणीचं मशीन आहे, पण तेवढं माणसांच्या अंगात अजून शिल्लक आहे. हिनं तेच धरलं. दिवाळीच्या आगेमागे ज्याच्या वावरात मशीन लागेल तिथं टोपलं घेऊन उभी. कुटाराच्या, भुशाच्या धुराळ्यात, नाकाला पदर लावून. मशीनच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून नुसतं टोपलं पुढं करायची.

"काकू, शाळा शिकून काय झालं आमचं?" पोरगे म्हणायचे.

"तुह्यं काई झालं नाई, दिसून राह्यलं. तुह्या पोरीसाठी दे."

देत होते. पोती शाळेच्या खिचडीच्या खोलीत ठेवली होती. भाव चढला की मोताळ्याच्या बाजारात विकायची, असं ठरलं होतं. भाव चढायच्या आधी ही गेली. सकाळी पोळ्या करता करता छातीत दुखतं म्हणाली. गाडी मिळाली, माणसं मिळाली, सगळं मिळालं. दवाखान्याच्या दारात माझ्याच मांडीवर गेली.

तेरवी झाली, माणसं पांगली. पोराने पुण्याला चला म्हटलं, मी गेलो नाही. घरात तिचं टोपलं खुंटीला होतं. गव्हाची मशिनं सुरू झाली तसं ते काढलं अन् निघालो. मला मागता येत नाही. जन्मभर मी कोणाला काही मागितलं नाही, उलट चार लोकांना तोडून बोललो. पहिल्याच वावरात जाऊन उभा राहिलो अन् तोंडातून शब्द फुटेना. मशीनवरच्या पोराने टोपलं ओळखलं. मशीन बंद केलं अन् काठोकाठ भरून दिलं. तशीच सगळी वावरं. कोणी चेष्टा केली नाही. ती उन्हात किती वेळ उभी राहत होती ते मला माझ्या पायांनी सांगितलं. तेव्हा कधी विचारलं नव्हतं, पाय दुखतात का म्हणून.

मग समितीची सभा बोलावली. अध्यक्ष एक तरणा शेतकरी आहे, चांगला पोरगा, हिच्या हातचं लहानपणी खाल्लेला. गडी बाकांवर, बाया दाराजवळ सतरंजीवर. सोयाबीन विकलं, गहू विकला, आता काय करायचं ते बोला, असं अध्यक्षाने म्हटलं अन् माझ्याकडे पाहिलं.

मी उठलो. म्हटलं, "तिचं जे होतं तेच करा. संडास बांधा, दार लावा, पाणी आणा. नावाची लाज वाटत असंल तर तिचं नाव टाका. मी नवरा हाय तिचा, मले चालते."

मला वाटलं, आता तरी अडकलेलं सुटेल.

 बायांमधली एक जण डोळे पुसायला लागली. मग अध्यक्ष म्हणाला, "आबा, आमच्या काकूचं नाव संडासावर? लोकं थुंकतीन आमच्यावर."

"मंग नाव नका टाकू. संडास बांधा."

"नाव तर टाकाच लागंल, आबा. सारं काकूनंच तर जमवलं. फाटकापाशी ओटा बांधू. लिंबाखाली. लेकरं बसतीन, पालक बसतीन, काकूचं नाव राहीन."

मी म्हटलं, "राहू दे रे, तिले नाई आवडायचं."

माझं चुकलं ते इथं. आमच्याकडे मान नको म्हणणं म्हणजे रीत आहे. शाल दिली तरी आधी नको म्हणायचं, मग खांदा पुढं करायचा. मी नको म्हटलं, त्यांना वाटलं म्हातारा रीत पाळून राह्यला. मी पुन्हा नको म्हटलं, तर एक जण म्हणाला, ओट्याला साधी फरशी नको, चांगली बसवू. आणखी एकदा म्हटलं, तर संगमरवरी पाटी ठरली. दाराजवळून एक बाई बारीक आवाजात म्हणाली, "पण काकू तर पोरींसाठी म्हणत होत्या..." तिच्या नवऱ्याने मागे वळून पाहिलं अन् ती गप बसली.

जन्मभर फाडकन बोललो. बायकोला बोललो, पोराला बोललो, गुरुजींना बोललो. त्या एका दिवशी ओरडायला पाहिजे होतं, अन् मी सभ्य माणसासारखा हळू बोललो. ती माणसं रडवेली झाली होती, माझ्या बायकोसाठी. त्यांच्यावर ओरडायला तोंडच उघडलं नाही.

ओटा झाला. नारळ फोडला, मला शाल दिली. मोडके बाक संडासात होते तिथंच आहेत.

ती गेल्यापासून मागच्या दाराने कोणी येत नव्हतं. मी रोज कडी काढून ठेवत होतो, बादली भरत होतो, तिच्यासारखा पायरीवर बसत होतो. मला वाटलं, पोरी सुतकामुळे येत नसतील. मग वाटलं, शाळेत काही सोय झाली असेल. एक दिवस सातवीतली एक पोर प्रार्थनेत चक्कर येऊन पडली. तिची आई, सभेत बारीक आवाजात बोललेली तीच, तिला घरी घेऊन जाताना बोळात भेटली. म्हटलं, "पोरी येत काऊन नाई वं आमच्याकडे? दार उघडंच असते."

ती खाली पाहत म्हणाली, "आबा, राग नका येऊ देऊ. घरात काकू होत्या तवा वेगळं होतं. आता तुमी एकटे गडीमाणूस. तुमच्याबद्दल कोणाच्या मनात काई नाई. पण पोरी लाजतात, अन् आम्हीच त्याइले नको म्हणतो."

मला राग आला नाही. खरं होतं ते. मी पायरीवर बसत होतो म्हणूनच त्या येत नव्हत्या. कितीक महिने मी पोरींची वाट अडवून बसलो होतो अन् मनात समजत होतो की तिचं काम चालवतो.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीच्या आधी बादली भरली, मागची कडी काढली, अन् पुढच्या दाराला कुलूप लावून बाहेर पडलो. जाऊन ओट्यावर बसलो. पाटीच्या बाजूला, रस्त्याकडे तोंड करून, डोक्याला पांढरा रुमाल. तिथून मी साऱ्या गावाला दिसतो. बाजाराला जाणारे पाहतात, शाळेतल्या मॅडम पाहतात, पोरींच्या आया पाहतात. म्हातारा इथं आहे म्हणजे घर रिकामं आहे. पहिले काही दिवस कोणी गेलं नाही. मग त्या बाईने स्वतःच्या पोरीला पाठवलं, सोबत दुसरी. आता बऱ्याच जातात. मी मागे वळून पाहत नाही. बोळातून पावलं वाजतात तेवढं कळतं.

येणारे जाणारे म्हणतात, "आबा, काकूजवळ बसले का?"

"हाव," म्हणतो. काय सांगू?

परवा अध्यक्ष गाडी थांबवून उतरला. "आबा, तुमी रोज उन्हात बसता. यंदाचं सोयाबीन निघालं की वरून टीन टाकू. काकूच्या पाटीले बी सावली होईन."

ह्यावेळी मी हळू बोललो नाही. "टीन माह्या मढ्यावर टाक. यंदाच्या टोपल्याचं दार बसव संडासाले. नाई बसवलं तर ही पाटी मी सबलीने उखडून काढीन अन् तिथं नेऊन लावीन. गावासमोर लावीन."

रस्त्यावरचे दोघे जण थांबले. अध्यक्षाचं तोंड उतरलं. त्याने पाटीकडे पाहिलं.

"काकूले खरंच हेच पायजे होतं का, आबा?"

"मंग ती काय ओटा मागत फिरत होती का रे मशीनपाशी?"

 तो दार बसवेल की नाही माहीत नाही. गाडी सुरू करून गेला. तेवढ्यात सुट्टी संपल्याची घंटा झाली. बोळातली पावलं शाळेत गेली. सगळ्या गेल्या असतील असं वाटलं तरी मी आणखी थोडा बसलो, एखादी मागे राहते. मग घरी आलो. बादली रिकामी होती. ती भरून ठेवली.